रिकिबीच्या मागची जागा

वर्धा, ९ ऑगस्ट

मोहिनी,

पाकिटावर माझं नाव मुद्दाम टाकलं नाही. टाकलं असतं तर तू न उघडता फाडलं असतंस. आता उघडलंच आहेस तर वाच. फोनवर तू मला ब्लॉक केलंस ते बरंच केलंस, फोनवर मी ओरडतो. कागदावर ओरडता येत नाही. म्हणजे येतं, पण हात दुखतो.

केळझरच्या शाळेचा पत्ता कोणी दिला ते विचारू नकोस. शाळेत बाई झालीस हे ऐकून बरं वाटलं. ते अमरावतीचं स्थळ तू परत पाठवलंस हेही कळलं. त्याचा आनंद झाला नाही असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला.

तुला कोणीतरी सांगितलं असेल की कॉलेज सोडून मी वर्ध्यात भांडणं करत फिरतो. तसं नाही. चिंधूभाऊंच्या कारखान्यात कामाला आहे. कारखाना म्हणजे टिनाचं शेड. कॉलेजांना लागणारे नमुने इथं बनतात. प्लास्टरचं हृदय, फायबरची किडनी, शेतकी कॉलेजला दोन फुटी गुलाबी बोंडअळी. गणपतीच्या आधी दोन महिने मूर्तीही असतात, त्यामुळे एखाद्या हृदयाला पीतांबराचा पिवळा रंग लागून जातो.

जुलैत एका मेडिकल कॉलेजचं काम आलं. कानाच्या आतला भाग, खऱ्याच्या वीस पट मोठा.

चिंधूभाऊ म्हणाले, "लय किचकट काम हाये बे. नाई म्हणून देतो."

"मी करतो."

"तुले कानातलं काय समजते?"

मी प्लास्टर कालवायला घेतलं. मला कानातलं काय समजतं ते तुला माहीत आहे. मागच्या वर्षी फेब्रुवारीत, आर्वी नाक्यावर चहा पिताना, तुझ्या सख्ख्या भावाच्या डाव्या कानावर मी हात उगारला नाही, मारलाच. रजत माझा खोलीतला जोडीदार, दोन वर्षं एका ताटात जेवलेलो. तो एवढंच म्हणाला होता, "मोहिनीले पाहाले अमरावतीचे लोकं येऊन राह्यले रविवारी. तू मेसच्या वरणात नको रडू, आधीच पातळ असते." पाच-सात पोरं हसली. बस. कानाचा पडदा फाटला. कॉलेजनं माझ्याकडून लेखी माफीनामा मागितला, मी तो कागद सरांसमोर फाडला आणि बॅग उचलून निघालो. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते मी कधी नाकारलं नाही.

तर कान. पडद्याच्या मागे एक खोली असते. खोली म्हणतो, पण चहाचा चमचाभर पाण्यानं भरून जाईल. वर एक माळा, त्यात हातोडी आणि ऐरण या दोन हाडांची डोकी टेकलेली. खाली घशाकडे उतरणारी नळी. आणि रिकीब, अख्ख्या शरीरातलं सगळ्यात लहान हाड, तांदळाच्या दाण्याच्या अर्धं. खोलीची रुंदी मधोमध दोन मिलिमीटर. वीस पट करूनही तिथं माझी दोनच बोटं जातात. पहिल्या दिवशी बोटं घालून पाहिली आणि मग त्या दिवशी काम झालं नाही.

मारल्यानंतर तीन दिवस तो खोलीवरच होता, आणि त्याची सगळी काळजी मीच घेतली. ते जाऊ दे.

रजत कसा आहे? एक ओळ लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

धनंजय


वर्धा, २९ ऑगस्ट

मोहिनी,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. ठीक नाही, पण ठीक आहे.

तुमच्या केळझरला गणपतीची गर्दी असेल. आमचं शेड मात्र रिकामं झालं. सगळ्या मूर्ती गेल्या, उरलो मी आणि कान.

काल तो कान ऑटोत मांडीवर धरून मेडिकल कॉलेजात नेला. ज्यांनी मागवला त्या डॉक्टर मयुरी मॅडम, कानाची ऑपरेशनं करतात आणि पोरांना शिकवतात. बाई बुटक्या, आवाज मोठा. पाच मिनिटं त्यांनी कान नुसता फिरवून फिरवून पाहिला. माळा पाहिला, "छान" म्हणाल्या. रिकीब पाहिली, "फारच छान" म्हणाल्या. मी फुगलो. मग रिकिबीच्या मागच्या भिंतीवरून त्यांनी बोट फिरवलं.

"इथं खड्डा होता. कुठे गेला?"

"बुजवला मॅडम."

"का?"

"खड्डा होता म्हणून."

मूर्तीच्या कामात हीच पहिली शिकवण असते. प्लास्टर वाळलं की बुडबुड्यांची भोकं राहतात. ती पुट्टीनं भरायची, घासायची, मगच रंग. भोक दिसलं आणि माझा हात आपोआप गेला.

मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. "अरे बाबा, त्या खड्ड्यासाठीच तर मी हा कान मागवला!"

माझं डोकं सटकलं. म्हणालो, "मग फोटोत नीट दाखवायचं ना! तुमच्या फोटोत तिथं नुसता काळा डाग आहे." शिपाई दचकला. चिंधूभाऊंचं काम गेलं असंच मला वाटलं. पण बाई हसायला लागल्या. "बरोबर. तिथं नेहमी काळा डागच दिसतो, तीच तर भानगड आहे."

मग त्यांनी समजावलं. रिकिबीच्या मागे, मागच्या भिंतीत, दोन जागा आहेत. एक कोनाडा आणि एक बीळ. दोघांच्या मधून चेहऱ्याची नस खाली उतरते. कोनाडा नसेच्या अलीकडे, तो दिसतो. बीळ नसेच्या पलीकडे, आत वळलेलं. कानाच्या भोकातून सरळ पाहणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा त्यांनी माझ्या हातात दिला आणि तो तिरपा कसा धरायचा ते दाखवलं.

"पडदा फाटून नीट भरला नाही की बाहेरची कातडी काठावरून आत शिरते," त्या म्हणाल्या. "तिचे पापुद्रे साचून गोळा होतो. तो हाडं कुरतडतो. बाकी सगळं साफ केलं आणि या बिळात कणभर राहिलं, तर वर्षभरात पुन्हा तेच. माझ्या पोरांना हे बीळ हाताला लागलं पाहिजे."

मी विचारलं, "पण फाटलेला पडदा भरतो ना?"

"बहुतेकांचा आपोआप भरतो. दीड-दोन महिन्यांत. कान कोरडा ठेवला तर."

"आणि नाही ठेवला तर?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणाचा फाटलाय?"

"कोणाचा नाही," मी म्हणालो.

आज दिवसभर बसून ते बीळ कोरणीनं उकरतोय. पुट्टी दगडासारखी झाली आहे. माझीच.

धनंजय


वर्धा, १८ सप्टेंबर

मोहिनी,

तू मला सांगितलं नाहीस. सांगायचं कारण नव्हतं, मान्य. तरी सांगायला हवं होतंस.

दुरुस्त केलेला कान द्यायला आज गेलो, तर बाकावर रजत, शेजारी तुझी आई. मी डाव्या बाजूनं जाऊन "रजत" म्हणालो. त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला वाटलं राग आहे. पुन्हा म्हणालो. मग काकू वळल्या, त्यांनी त्याच्या दंडाला हात लावला, आणि तो वळला. मला पाहिलं आणि म्हणाला, "अबे! त्या बाजूचं दुकान बंद हाये, इकडून ये."

मोहिनी, त्यानं थट्टा केली. मला पाहून पहिलं काय केलं, तर थट्टा.

काकूंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी मान खाली घातली. त्या बोलतील, मारतील, काहीही चालणार होतं.

"वाळला बापू तू," त्या म्हणाल्या. "जेवत नाई काय?"

मी हातातला कान बाकावर ठेवला. 

"त्या दिवशीचं मनातून काढून टाक," त्या म्हणाल्या. "पोरं भांडतेच. तू मारलं ते भरून निघालं असतं. डॉक्टरीण म्हणे, कोरडा ठेवाचा होता. मले कुठं ठाऊक? पोरगं घरी आलं तं कान वाहून राह्यला होता. मी लसणाचं तेल टाकलं. चार दिवस टाकलं. आता आतलं हाडूक सडलं म्हणते." मग एकदम हळू आवाजात, "मीच खाल्ला माह्या लेकराचा कान."

रजतनं माझ्याकडे पाहिलं. मग फरशीकडे. मग म्हणाला, "आई, चाल, नंबर आला."

नंबर आला नव्हता. एकोणतीस चालू होता, त्यांचा एकेचाळीस. मी पाटीवर पाहिलं.

नंतर पाण्याच्या टाकीजवळ त्यानं मला सांगितलं की पंधरा ऑक्टोबरला ऑपरेशन आहे, मयुरी मॅडमच करणार, गोळा मागच्या बाजूला आहे. आणि सांगितलं की दीड वर्ष झालं, तुमच्या घरात लसूण येत नाही. काकू आणू देत नाहीत. भाजीला नाही, चटणीला नाही. काकाजी चिडले तरी नाही.

हे तुला माहीत आहे. सुट्टीला तू त्याच घरात जेवतेस.

मी तसाच निघून आलो. मॅडमचा कान बाकावरच राहिला, शिपायानं आत नेला म्हणे.

धनंजय


वर्धा, २० सप्टेंबर

मोहिनी,

तिसरा कागद आहे हा. दोन फाडले.

तेल पहिल्यांदा मी टाकलं.

मारलं त्याच संध्याकाळी. तो खाटेवर कान धरून बसला होता, बोट लावलं की बोटाला थोडं रक्त. मला लहानपणी कान दुखला की आई करायची तेच डोक्यात आलं. वाटीत तिळाचं तेल, तीन पाकळ्या लसूण. लसूण जरा जळला. कोमट झाल्यावर त्याला उजव्या कुशीवर झोपवलं, डोकं माझ्या मांडीवर घेतलं आणि कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब सोडलं. तो कळवळला. म्हणालो, "चुप पड, उतरू दे आत." तीन दिवस, रोज. तिसऱ्या दिवशी उशीला पिवळा डाग पडला. तो म्हणाला, "दुखणं कमी झालं बे." मी त्यावर विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता. चौथ्या दिवशी तो आर्वीच्या बसमध्ये बसला, वाहता कान घेऊन.

म्हणजे काकूंनी टाकलं तेव्हा जे व्हायचं ते सुरू झालेलं होतं.

मारलं हे मी सगळ्या कॉलेजला छाती काढून सांगितलं. हो मारलं, काय करायचं ते करा. ते सांगणं सोपं होतं. मारणारा धनंजय मला चालत होता. मांडीवर डोकं घेऊन, रडत रडत, प्रेमानं वाट लावणारा धनंजय कोणाला दाखवायचा?

मयुरी मॅडमनी विचारलं तेव्हा कळलंच होतं मला. तरी "कोणाचा नाही" म्हणालो. बाकावर काकू तसं बोलल्या तेव्हा तर तोंड उघडायला हवं होतं. मी नंबराची पाटी वाचत बसलो.

हे तुला लिहिलं म्हणून संपत नाही. ज्यांना सांगायचं त्या आर्वीत आहेत. उद्या रविवार आहे, जातो.

धनंजय


वर्धा, २२ सप्टेंबर

मोहिनी,

काल आर्वीला गेलो. तुला घरून कळलं असेल, पण माझ्या तोंडून कळावं.

दारात काकाजी. त्यांनी आत ये म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. मी उंबऱ्याच्या बाहेरूनच सगळं सांगितलं. एका दमात, शाळेत कविता म्हणतात तसं. काकू ओसरीवर तूर निवडत होत्या. हात थांबला.

काकाजी म्हणाले, "कॉलेजात दोन वळी लिहून देत नव्हता. आता घरी येऊन भाषण ठोकून राह्यला?"

मी म्हणालो, "हो काकाजी." एरवी मी काय म्हणालो असतो ते तुला ठाऊक आहे.

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. "कायचं तेल होतं?"

"तिळाचं."

"लसूण?"

"तीन पाकळ्या."

"लाल केला का जाळला?"

"जळला थोडा."

"मी पाच टाकल्या," त्या म्हणाल्या. "जाळल्या नाई मी." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मोठ्यानं. मला कळेना हे कसलं रडणं. मी उंबरा ओलांडून जवळ जाऊन बसलो. त्यांनी माझ्या पाठीत एक बुक्की घातली. बऱ्यापैकी लागली. मग तोच हात तिथंच ठेवला.

काकाजी दोघांकडे पाहत उभे. "माय बाप! पोराच्या कानात दोघांनं मिळून फोडणी देली!" म्हणाले आणि चप्पल घालून दुकानात निघून गेले. चहा मिळाला नाही. पाणी मिळालं.

रजत डेपोपर्यंत आला. मी त्याच्या उजव्या बाजूनं चाललो. विचारलं, "तू काऊन नाई सांगितलं?"

"तू रडून राह्यला होता बे तेल टाकता टाकता. माह्या गालावर पडत होतं तुयं पाणी. ते घरी कसं सांगू?"

"मग काकूले काऊन झुरू देलं दीड वर्ष?"

 बस लागली तेव्हा तो म्हणाला, "तुयं नाव घेतलं असतं तं बाबा पोलिसात गेले असते. आईले कोणी काई म्हणत नाई असं वाटलं. ती स्वतःलेच म्हणीन, हे नाई सुचलं."

तो मला राग येण्यासारखं काहीतरी बोलला असता तर बरं झालं असतं. नाही बोलला. खिडकीतून हात आत घालून माझे केस विस्कटले.

धनंजय


वर्धा, १७ ऑक्टोबर

मोहिनी,

परवाचं सगळं तुझ्यासमोरच झालं, तरी लिहितो. तिथं मला धड दोन वाक्यं बोलता आली नाहीत.

तू येशील हे माहीत होतं, पण बाकावर माझ्या शेजारी बसशील हे नव्हतं. मध्ये काकूंची पिशवी होती, ती धरूनही शेजारीच. सव्वादोन तास गेले. मग घड्याळाकडे पाहत विचारलंस, "आता ते कुठं असतील?"

मी औषधाच्या चिठ्ठीमागे काढून दाखवलं. पडदा उचलला असेल. मग ऐरण, तिचा पाय खाल्लेला आहे, तिच्या जागी कानाच्याच कुर्चेचा तुकडा बसवतील. मग इथं, रिकिबीच्या मागे. वाकड्या नजरेची दुर्बीण घालून पाहतील. मी बोलत होतो, पेन्सिल रिकिबीच्या मागे टेकलेली. तू पेन्सिलीचं दुसरं टोक धरलंस. तेवढंच धरलंस. मला त्यानंतरचं शरीरशास्त्र काही आठवेना.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा काकूंनी ऑपरेशनचं विचारलंच नाही. म्हणाल्या, "कोणाच्या तेलानं झालं, माह्या का याच्या?"

मॅडम म्हणाल्या, "मावशी, ते मी काय, कोणीच सांगू शकणार नाही. तेल नसतं तरी कदाचित झालं असतं. बिळातलं सगळं निघालंय, रिकीब शाबूत आहे. ऐकू किती येईल ते दीड-दोन महिन्यांनी पाहू."

तरी काकू पुटपुटल्याच, "तीन आन पाच, आठ पाकळ्या."

संध्याकाळी रजत शुद्धीवर आला. डोक्याला एवढं मोठं पांढरं मुंडासं. मॅडमनी त्याच्या उजव्या कानाशी वाकून सांगितलं, "डोळे घट्ट मीट." मिटले. "कपाळाला आठ्या घाल." घातल्या. चेहऱ्याची नस तपासत होत्या, ती दुखावली की अर्धा चेहरा लुळा पडतो, हे मला माहीत होतं. मग म्हणाल्या, "आता शीळ घाल."

रजतनं ओठ पुढे काढले. नुसतं फूऽऽ. पुन्हा फूऽऽ. मॅडमच्या कपाळावर आठी आली. काकू पांढऱ्या पडल्या. काकाजींनी खाटेची दांडी धरली. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि तसं तू माझ्याकडे पुन्हा कधी पाहू नयेस.

मी ओरडलो, "मॅडम, त्याले येतच नाई! पहिलेपासूनच येत नाई! दोन वर्षं शिकवलं मी त्याले, गॅलरीत उभं करून. नुसती हवाच निघते!"

वॉर्डातले सगळे पेशंट वळून पाहायला लागले. सिस्टर मला बाहेर काढायला आली.

मुंडाशातून रजत म्हणाला, "साल्या, पूर्ण दवाखान्याले सांग." आणि हसला. दोन्ही बाजूंनी. दोन्ही गाल सारखे वर गेले. मॅडमनी ते नीट पाहिलं, आणि फाइल मिटली.

मग सिस्टर सूचना सांगायला लागली. पाणी नाही, नाक शिंकरायचं नाही, कानात कापूसही स्वतः घालायचा नाही, आणि तेल तर... तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत काकूंनी माझ्या मनगटाला धरून मला खाटेपासून मागे ओढलं.

"बाई, तुमी चिंता नका करू," त्या म्हणाल्या. "मी आन हा, आमी दोघं या पोराच्या कानापासून धा फूट लांब राहू. जनमभर."

काकाजी तोंड फिरवून खिडकीकडे गेले. त्यांचे खांदे हलत होते. आणि तू हसलीस. भिंतीला डोकं टेकून, ओढणीनं डोळे पुसत, पुन्हा पुन्हा. मी खरोखरच पावलं मोजत मागे सरकत गेलो, आठ, नऊ, दहा, पाठ दाराला लागली.

तेव्हा तू म्हणालीस, "एवढं दूर नाई रे. अलीकडे ये."

धनंजय